काळी लोकर, पांढरी लोकर आणि रंगाचं पातेलं

दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीवर रंग चढतो, पण दिसत नाही. हळद घ्या, मंजिष्ठ घ्या, नाहीतर बाजारातला सगळ्यांत भडक लाल घ्या. तासभर उकळून काढलेली लोकर काळी ती काळीच. माण, खटाव, फलटण, सांगोला या पट्ट्यातल्या कळपांत काळ्या आणि करड्या मेंढ्या भरपूर असतात, निखळ पांढरी लोकर त्या मानाने थोडी. त्यामुळे तिथल्या एखाद्या लहान कळपाची लोकर रंगवून विकायची म्हटली, की आधी मिसळण्याचा विचार करावा लागतो. कोणती लोकर कोणत्या लोकरीत किती घालायची हे ठरलं, की निम्मा रंग तिथेच ठरतो. पातेलं नंतर.

हे काम मी मुंबईत लोअर परळला करते, ना. म. जोशी मार्गापासून जवळच, स्वयंपाकघरात आणि मोरीत. हा सगळा परिसर एकेकाळी कापसाच्या गिरण्यांचा. गिरण्यांत वेगवेगळ्या गावच्या गाठी फोडून त्यांचं मिक्सिंग आधी व्हायचं, मग कार्डिंग, मग सूत, रंगखातं त्यानंतरचं. बॉम्बे डाइंगची सुरुवात तर १८७९ साली हाताने सूत रंगवण्यापासूनच झाली. तांबडा, हिरवा आणि नारिंगी असे तीनच रंग, आणि रंगवलेलं सूत उन्हात वाळत घातलेलं. लोकरीची मोठी गिरणी होती ती ठाण्याला, १९२५ साली सुरू झालेली रेमंड. पण सुटिंगच्या कापडाला लागते मेरिनो मेंढीची तलम लोकर, आणि ती येते ऑस्ट्रेलियातून. आपल्या धनगरांची लोकर सणगरांच्या मागावर गेली आणि तिची घोंगडी झाली. घोंगडीचा खप घटला, कातरणीची मजुरी लोकरीच्या भावाच्या वर गेली, तशी बऱ्याच ठिकाणी लोकर बांधावर टाकून देण्याची वेळ आली. मेंढी आता मटणासाठी पाळतात. तरी अंगावर लोकर वाढतेच, आणि वर्षातून दोनदा ती कातरावीही लागते. हा माल असा वाया जाताना बघवत नाही, आणि त्याचं काही होऊ शकतं हे मला मनापासून पटलेलं आहे.

काम सुरू होतं कातरणीच्या जागेवर. मेंढ्या आधी ओढ्यात किंवा तळ्यात धुऊन, अंग वाळल्यावर कातरल्या असतील तर पुढचे निम्मे कष्ट वाचतात, म्हणून मेंढपाळाशी हे आधीच बोलून ठेवावं. लोकर पोत्यात एकत्र कोंबली की संपलं. नंतर शहरात बसून ती निवडणं फार जिकिरीचं. तिथेच ताडपत्री अंथरावी आणि ढीग वेगळे करावेत. खांद्याची आणि पाठीची लोकर एकीकडे. ती लांब आणि त्यातल्या त्यात मऊ. मांडीची, शेपटीकडची जाड आणि लेंड्यांनी चिकटलेली, ती दुसरीकडे. पोटाची आखूड, मातकट, ती तिसरीकडे. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. तिच्यासारखी मऊ लोकर त्या मेंढीला पुन्हा येत नाही. जावळाची घोंगडी सगळ्यांत महाग असते ती याचसाठी. जावळ कधीही दुसऱ्या ढिगात जाऊ देऊ नये. शेवटी रंगाप्रमाणे वाटणी: काळी, करडी, तपकिरी, पांढरी. काळ्या लोकरीची टोकं उन्हाने तांबूस झालेली असतात. पिंजल्यावर तोच तांबूसपणा काळ्या रंगाला ऊब देतो, तेव्हा टोकं कापून टाकायची नाहीत.

कातर एकाच जागी दोनदा फिरली की बोटाच्या पेरापेक्षाही आखूड तुकडे पडतात. ते त्याच वेळी झटकून काढावेत. सुतात ते गुठळ्या होऊन बसतात आणि रंगवल्यावर डोळ्यांत भरतात. कुसळंही तेव्हाच वेचलेली बरी. एवढी निवड करून देणाऱ्याला निवडलेल्या मालाचा वेगळा, चढा भाव द्यावा, आणि तोही वजन होताच रोख. नाहीतर पुढच्या कातरणीला सगळी लोकर पुन्हा एकाच पोत्यात येते, आणि तेव्हा बोलायला तोंड राहत नाही.

धुण्याचं काम मात्र मुंबईत सोपं आहे. माणदेशात बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाचा फेस होत नाही आणि पांढरट साका लोकरीवर बसतो. मुंबईला येणारं तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी मऊ. दख्खनी लोकरीत मेणचटपणा मेरिनोइतका नसतो; धूळ आणि घामाचे क्षारच जास्त. म्हणून पहिल्यांदा नुसत्या थंड पाण्यात रात्रभर भिजत घालायची. सकाळी ते पाणी चहासारखं झालेलं असतं. (कुंड्यांतल्या झाडांना ते फार मानवतं.) मग ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणी, त्यात रिठ्याचं पाणी किंवा सौम्य द्रवसाबण. लोकर जाळीच्या पिशवीत भरून त्यात बुडवायची, वीस मिनिटं ठेवायची आणि उचलायची. चोळायची नाही, पिळायची नाही, ढवळायचीही नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, साबण आणि घासणं ही तिन्ही एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. तोच गुण मुद्दाम वापरून जेन नावाचं अंथरूण बनवतात, पण आपल्याला सूत हवं आहे. लोकर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात घालताना दोन्ही पाणी सारखंच गरम असावं. गरम लोकरीवर नळ सोडला की खेळ आटोपला.

आता मिसळणं. इथे घाई करू नये, कारण विकणाऱ्याची ओळख इथेच बनते.

दख्खनी लोकर जाड असते, तिचा तंतू सरासरी तीस मायक्रॉनच्या बराच वर जातो. मेरिनो चोवीसच्या आत असते. दख्खनीत आणखी एक अडचण असते. त्यात पोकळ गाभ्याचे केस असतात, आणि खडूसारखे पांढरे, ठिसूळ, न वळणारे केसही असतात. या केसांवर रंग फिका दिसतो, कारण पोकळ गाभ्यामुळे प्रकाश आतच विखुरतो. रंगवलेल्या लाल सुतातून मधूनच पांढरट काड्या डोकावतात त्या याच. हाताने पिंजताना त्यातले बरेचसे खाली गळतात, सगळे नाही. मी ते मालाचा दोष मानत नाही. पण गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं असावं.

मिसळण्याची प्रमाणं वजनाने धरायची, ढिगाच्या आकाराने नव्हे. काळी लोकर दाट आणि पांढरी फुललेली असली की डोळा हमखास फसतो. १०० ग्रॅमच्या नमुन्यात ९० ग्रॅम पांढरी आणि १० ग्रॅम काळी घेऊन पिंजून बघा. एवढ्याशा काळ्यानेही लोकर स्पष्ट करडी दिसू लागते. ३० ग्रॅमला ती पावसाळी ढगाच्या रंगाची होते, आणि निम्म्याच्या पुढे गेलात की लांबून काळीच वाटते. म्हणजे रंगाला वाव हवा असेल तर काळी लोकर एक दशांश ते एक तृतीयांश या पट्ट्यातच ठेवायची. त्यापलीकडची काळी न रंगवता, काळी म्हणूनच विकावी. तिला गिऱ्हाईक आहे, आणि तिचा काळा रंग कुठल्याही कृत्रिम काळ्यापेक्षा जिवंत असतो.

प्रत्यक्ष मिसळताना तारेच्या दातांच्या दोन फळ्या किंवा हाताने फिरवायचा ड्रम कार्डर वापरतात. पूर्वी पिंजारी कामठ्याच्या दोरीने हेच करत. ड्रमवर लोकर पातळ थरांत चढवायची, एक थर पांढऱ्याचा, त्यावर काळ्याचा विरळ थर, पुन्हा पांढऱ्याचा. भरलेली लादी काढायची, लांबीत चार पट्ट्या फाडायच्या आणि प्रत्येक पट्टी पुन्हा घालायची. एका फेरीत लोकर पट्ट्यापट्ट्यांची राहते, दोन फेऱ्यांत ढगाळ होते, तिसऱ्या फेरीला एकजीव. चौथी फेरी बहुधा नुकसानच करते, तंतू तुटतात आणि बारीक गाठी पडतात. मला स्वतःला दुसऱ्या फेरीवर थांबलेलं सूत जास्त आवडतं. जवळून पाहिलं की काळा आणि पांढरा तंतू वेगळा दिसतो आणि हातभर अंतरावरून दोन्ही मिळून एक रंग होतात.

मऊपणासाठी मेरिनो मिसळता येते. ६० टक्के दख्खनी आणि ४० टक्के मेरिनो हे प्रमाण टोपी-जाकिटाला चालतं, गळ्याशी मात्र तेही टोचतं. दख्खनी लोकर गळ्याभोवती गुंडाळण्यासाठी नाहीच, असं माझं मत आहे. आसन, गालिचा, पिशवी, उशीचं कव्हर, भिंतीवरचं विणकाम हे तिचं खरं काम. तिथे तिचा जाडपणा उपयोगी पडतो, वर्षानुवर्षं घासली तरी ती बसत नाही. लोअर परळच्या रघुवंशी मिलच्या आवारात आज घरसजावटीची दुकानं आहेत. या लोकरीचं गिऱ्हाईक स्वेटर विणणाऱ्यांपेक्षा त्या दुकानांत घुटमळणाऱ्यांत सापडण्याची शक्यता जास्त.

रंगवण्याचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींचं फळ वेगळं. पहिला म्हणजे पांढरी लोकर सुटी असतानाच रंगवायची आणि मग ती काळ्या-करड्यात मिसळायची. सुट्या लोकरीवर रंग कमीजास्त बसला तरी पिंजताना सगळं सारखं होऊन जातं, म्हणून नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. दुसरा मार्ग, आधी काळं-पांढरं मिसळून करडं सूत काढायचं आणि त्याची लड रंगात घालायची. रंग फक्त पांढऱ्या तंतूंवर दिसतो, काळे तंतू मागे सावलीसारखे राहतात. झेंडूचा पिवळा यात मोहरीच्या रंगाचा होतो, निळीचा निळा पाटीच्या दगडाचा, मंजिष्ठेचा लाल विटकरी. मेरिनो मिसळलेली असेल तर आणखी एक गोष्ट घडते. बारीक तंतू रंग आधी खेचून घेतो आणि एकाच लडीत दोन छटा उमटतात.

झेंडूची कृती सविस्तर देते, कारण झेंडू आपल्या हाताशी आहे. दादरच्या फुलबाजारात दसरा-दिवाळीनंतर तो ढिगाने उरतो. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिरात वाहिलेल्या फुलांनी कापड रंगवण्याचं काम रूपा त्रिवेदी यांच्या आदिव प्युअर नेचरने मुंबईत उभं केलं, आणि निर्माल्यातून विकण्याजोगा रंग निघतो हे दाखवून दिलं. लोकर तर कापसापेक्षा जास्त आनंदाने रंग घेते, कारण ती केसासारखी प्रथिनाची बनलेली असते.

पाव किलो कोरड्या, धुतलेल्या लोकरीला ३० ग्रॅम तुरटी आणि १५ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर घ्यायचं. दोन्ही गरम पाण्यात विरघळवून आठ-दहा लिटर कोमट पाण्यात मिसळायची आणि पूर्ण भिजवून ठेवलेली लोकर त्यात सोडायची. कोरडी लोकर कधीही घालू नये, डाग पडतात. आच मंद. पाऊण तासात पाणी ८० ते ८५ अंशांवर यावं आणि तासभर तिथेच राहावं. बुडबुडे फुटू लागले की आच कमी करायची. उकळी आली की लोकर आकसते. मग गॅस बंद करून पातेल्यातच रात्रभर निवू द्यायची. तुरटीतलं ॲल्युमिनियम एकीकडे लोकरीला आणि दुसरीकडे रंगाला धरून ठेवतं, म्हणून तिला रंगबंधक म्हणतात. क्रीम ऑफ टार्टरमुळे तुरटी सगळीकडे सारखी पसरते आणि लोकर मऊ राहते.

दुसऱ्या दिवशी पाव किलो वाळवलेल्या पाकळ्या तासभर शिजवून गाळायच्या. ताज्या असतील तर तिप्पट. हिरवे देठ घातले तर पिवळ्यात मळकटपणा येतो. गाळलेल्या पाण्यात लोकर घालायची आणि पुन्हा तीच मंद आच. पहिल्या वीस मिनिटांत लोकर लिंबासारखी होते, तासाभरात सोनेरी. तिच्यातला थोडा भाग काढून घेऊन उरलेल्या पाण्यात चिमूटभर हिराकस टाकला, की पिवळ्याचा डोळ्यांदेखत शेवाळी होतो. हिराकस म्हणजे लोखंडाचं लवण. लोकरीच्या वजनाच्या दोन टक्क्यांवर तो जाऊ देऊ नये, लोकर चरचरीत होते आणि काही वर्षांनी तुटू लागते. लोखंडी पातेलं, गंजकी बादली, बोअरचं लोहयुक्त पाणी हेही नकळत हेच करतात. पातेलं स्टीलचं हवं, आणि त्यात पुन्हा कधी स्वयंपाक करायचा नाही.

डाळिंबाच्या साली रसवाल्यांकडे फुकट मिळतात, आणि डाळिंब येतं ते बहुतेक सोलापूर-सांगोल्याकडून, म्हणजे आपल्या मेंढ्यांच्याच मुलखातून. तुरटीवर सालींचा रंग मळकट पिवळा, हिराकसाबरोबर जवळजवळ काळपट. मंजिष्ठ, कात, हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. हळदीचा मोह मात्र आवरावा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात, आणि हळद लोकरीला किती सहज धरते हे तिथे दिसतं. तुरटीही लागत नाही. पण उन्हात तो पिवळा टिकत नाही. घरी वापरायला ठीक. पैसे घेऊन विकायला नाही.

निळा, गुलाबी, नेमका हिरवा आणि दरवेळी तोच हवा असेल तर ॲसिड डाय वापरावेत. नैसर्गिक तेवढंच चांगलं, असं मी मानत नाही. नावावरून घाबरू नये. आम्ल म्हणजे इथे स्वयंपाकाचं व्हिनेगर. आम्लात लोकरीवर धन भार येतो, रंगाचे कण ऋण भाराचे असतात, म्हणून ते लोकरीला चिकटतात. पाव किलो लोकरीला मध्यम छटेसाठी अडीच ग्रॅम पूड पुरते. एवढ्या वजनाला घरचा काटा चुकतो, तेव्हा १० ग्रॅम रंग १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवावा आणि मापून २५० मिलिलिटर घ्यावा. पूड हाताळताना तोंडाला मास्क हवाच. लोकर कोमट पाण्यात घालायची, पाऊण तासात ९० अंशांपर्यंत न्यायची आणि अर्धा तास ठेवायची. पट्टीने तपासलं तर पाण्याचा सामू चार ते पाच असावा. सगळं नीट झालं तर शेवटी पातेल्यातलं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं, रंग सगळा लोकरीत गेलेला असतो. पाणी रंगीत राहिलं तर मोरीत ओतण्याआधी थोडं व्हिनेगर घालून आणखी वीस मिनिटं द्यावीत. वडगादीच्या रंगबाजारात कुणी झळाळीसाठी पोटॅशियम डायक्रोमेट सुचवलं, तर घेऊ नये. ते विषारी आहे, करणाऱ्यालाही आणि ज्या गटारात जातं त्यालाही.

विकण्याआधी प्रत्येक रंगाची परीक्षा घ्यावी. ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने लड दाबून घासायची. फडक्याला रंग लागला तर आणखी धुवायची. उन्हासाठी सुताचे काही धागे पुठ्ठ्याला गुंडाळून अर्धा भाग झाकायचा आणि गॅलरीत महिनाभर ठेवायचा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवला की कुणाला विचारायला लागत नाही. मोठी ऑर्डर असेल तर ठाण्याच्या वूल रिसर्च असोसिएशनमध्ये तंतूचा व्यास आणि रंगाचा पक्केपणा तपासून घेता येतो.

प्रत्येक घाण्याची नोंद वहीत हवी: कळप, कातरणीचा महिना, मिसळण्याची वजनं, तुरटी, रंग, वेळ, आणि पानाला बांधलेला वीतभर धागा. एका पातेल्यातल्या लडींना एकच लॉट नंबर द्यावा, कारण पुढच्या पातेल्यातला झेंडू हुबेहूब तसाच उतरणार नाही. गालिचाला लागणारं सगळं सूत एकाच लॉटमधून घ्या, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगावं.

किंमत ठरवताना घट विसरू नये. समजा एक किलो कच्च्या लोकरीतून धूळ, कुसळं, आखूड तुकडे आणि पिंजण्यातली गळ जाऊन अर्धा किलोच सूत हाती आलं, तर मेंढपाळाला दिलेला भाव सुताच्या दर किलोला दुप्पट धरावा लागतो. त्यावर सूत काढणाऱ्या बाईची मजुरी, गॅस, रंग आणि आपला वेळ. दादरच्या दुकानांत लोकर म्हणून मिळणाऱ्या ॲक्रिलिकच्या गुंड्याशी या किमतीची तुलना होणारच. तेव्हा दोन्हींचा एकेक धागा जाळून दाखवावा. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकर जळक्या केसांचा वास सोडते आणि तिची राख चिमटीत चुरते.

पावसाळ्यात तयार माल घट्ट झाकणाच्या डब्यात, पूर्ण कोरडा करून ठेवावा, नाहीतर कसर लागते. आणि वजनाबद्दल सावध राहावं. दमट हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. जुलैत लोअर परळला १०० ग्रॅम भरलेली लड मे महिन्यातल्या नागपूरला ९० ग्रॅमच्या आसपास भरू शकते. घेणाऱ्याला वाटतं फसवलं. म्हणून लडी कोरड्या दिवसांत तोलाव्यात. ते जमलं नाही तर चार-पाच ग्रॅम जास्तच भरावं, आणि चिठ्ठीवर वजनाशेजारी सुताची लांबी मीटरमध्ये लिहावी.